भित्यापाठी ब्रह्मराक्षस : मुलांमधील भयगंड आणि सुईची भीती

भय ही निसर्गाने सजीवांना दिलेली संरक्षक देणगी आहे. विस्तवाची, उंच कड्याची किंवा फणा काढलेल्या नागाची ज्याला भीतीच वाटली नाही, असा प्राणी पृथ्वीवर फार काळ टिकला नसता. परंतु हेच भय जेव्हा प्रमाण सोडते, धोका नसतानाही उसळून येते आणि माणसाच्या रोजच्या जगण्याची वाट अडवू लागते, तेव्हा त्यास 'फोबिया' अर्थात भयगंड असे म्हणतात. ग्रीक पुराणकथांमध्ये फोबोस हा युद्धदेव एरीसचा पुत्र आणि भयाचा देव मानला गेला आहे. त्याच्या नावावरून हा शब्द रूढ झाला.

आपल्या वेदान्तात रज्जुसर्पाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. अंधारात दोरीला साप समजून माणूस घाबरतो. दिवा आणला की भ्रम जातो आणि भ्रमाबरोबर भयही जाते. भयगंडाची अडचण अशी की तेथे दिवा लावूनही भय जात नाही. झुरळ आपले काही बिघडवू शकत नाही, हे झुरळाला घाबरणाऱ्या सुशिक्षित माणसाला पुरेपूर ठाऊक असते, तरीही त्याचे पाय लटपटतात. म्हणूनच "त्यात घाबरण्यासारखे काय आहे?" हा आपला नेहमीचा प्रश्न अशा व्यक्तीच्या काहीच उपयोगाचा नसतो. उपाय वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी भयगंड कसा जन्मतो आणि कशावर पोसतो, हे पाहिले पाहिजे.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. २२ देशांतील जागतिक मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार सुमारे ७.४ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा विशिष्ट भयगंड होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे. परंतु याच पाहणीतील सर्वांत बोलका आकडा वयाचा आहे. भयगंड सुरू होण्याचे मध्यम वय होते अवघे आठ वर्षे. म्हणजे प्रौढपणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या अनेकांच्या भयाचे बीज लहानपणी, घरात, शाळेत किंवा आम्हा डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत पडलेले असते.

स्वाभाविक भीती कोणती आणि भयगंड कोणता?

प्रत्येक वयाची आपली एक भीती असते. सात-आठ महिन्यांचे बाळ परक्या माणसाला पाहून ओठ काढते, वर्षाचे मूल आई नजरेआड होताच आकांत करते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना अंधार, कुत्रा, मोठे आवाज आणि बागुलबुवा यांची भीती वाटते. आमच्या इंदुरात अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतील ढोल-ताशांनी बापाच्या खांद्यावर रडणारी मुले दरवर्षी दिसतात. शाळकरी वयात चोर, अपघात, आजार आणि आईवडिलांचा मृत्यू यांचे विचार येतात, तर किशोरवयात चारचौघांत हसे होण्याची धास्ती वाटते. ही भीती वाढीची खूण आहे. ती येते आणि आपोआप ओसरते.

भयगंड म्हणण्यासाठी काही निकष आहेत. भीती ठरावीक वस्तूची किंवा प्रसंगाची असावी. ती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असावी. ती वस्तू समोर येताच जवळजवळ प्रत्येक वेळी भीती उसळावी. व्यक्ती ती वस्तू टाळू लागावी किंवा अतिशय कष्टाने सहन करावी. हा प्रकार सहा महिने वा अधिक काळ टिकावा. आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा घरातील व्यवहार यांत खरी अडचण यावी. पालीला पाहून किंचाळणे हा भयगंड नव्हे. पालीच्या धास्तीने सहा महिने न्हाणीघरात एकटे न जाणे, हा भयगंड होय.

भयगंडाचे प्रकार

विशिष्ट भयगंडाचे ढोबळ गट असे मानले जातात : पहिला प्राण्यांचा, यात साप, कुत्रा, पाल, झुरळ, कोळी हे येतात. दुसरा निसर्गाचा, म्हणजे उंची, वादळ, वीज, खोल पाणी. तिसरा रक्त, जखम आणि सुई यांचा. चौथा परिस्थितीचा, जसे लिफ्ट, विमान, बोगदा, बंद खोली. यांत न बसणारे, उदाहरणार्थ घास अडकून गुदमरण्याची किंवा उलटी होण्याची भीती, हे पाचव्या गटात जातात. याखेरीज लोकांसमोर बोलण्या-वागण्याचा सामाजिक भयगंड आणि जेथून सहज सुटका होणार नाही अशा गर्दीच्या किंवा मोकळ्या जागांची भीती, म्हणजे ॲगोराफोबिया, हे दोन वेगळे विकार आहेत. यांपैकी ॲगोराफोबिया हे नाव जर्मन डॉक्टर वेस्टफाल यांनी १८७१ साली दिले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रेबीज झालेल्या रुग्णातील 'हायड्रोफोबिया' या शब्दात फोबिया असला, तरी तो भयगंड नव्हे. तेथे पाणी गिळताना घशाच्या स्नायूंना अत्यंत वेदनादायक आचके येतात आणि म्हणून रुग्ण पाण्याला भितो. तो मेंदूच्या जीवघेण्या संसर्गाचा परिणाम असतो. या रोगाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

लक्षणे

भयगंडाची लक्षणे शरीर, मन आणि वर्तन अशा तिन्ही पातळ्यांवर दिसतात. छातीत धडधड, घाम, थरथर, तोंडाला कोरड, श्वास अपुरा पडणे, पोटात गोळा येणे, मळमळ ही शारीरिक लक्षणे होत. 'आता मी मरेन', 'माझा ताबा सुटेल' असे विचार ही मानसिक लक्षणे. पळ काढणे आणि पुढच्या वेळी तो प्रसंगच येऊ न देणे हे वर्तनाचे लक्षण.

लहान मुले यातले काहीच शब्दांत सांगत नाहीत. ती रडतात, आईला घट्ट बिलगतात, हातपाय झाडतात किंवा एकदम थिजून जातात. पुष्कळदा या वागण्यास हट्ट समजून मार मिळतो. थोडी मोठी मुले पोटदुखीची तक्रार करतात. सोमवारी सकाळी सुरू होणारी आणि रविवारी कधीच न होणारी पोटदुखी पाहिली की सोनोग्राफीच्या आधी शाळेच्या वाटेवरील कुत्र्याची किंवा वर्गातील तोंडी परीक्षेची चौकशी करावी, असे मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

रक्त आणि सुईच्या भयगंडाचे लक्षण मात्र इतरांहून निराळे आहे. अन्य भयगंडांत नाडी आणि रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. येथे तो आधी थोडा वाढतो आणि मग व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने दोन्ही झपाट्याने खाली येतात. चेहरा पांढराफटक पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस घेरी येऊन पडतो. साप पाहून बेशुद्ध पडणारे विरळा. परंतु रक्त तपासायला दिल्यावर खुर्चीतून कोसळणारा धडधाकट तरुण प्रत्येक प्रयोगशाळेने पाहिलेला असतो. त्याला भित्रा म्हणून हसणे अन्यायाचे आहे. त्याच्या शरीराची ती अनैच्छिक प्रतिक्रिया असते, आणि ही प्रवृत्ती अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळते.

कारणे : भय कोठून येते?

मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा एक लहानसा भाग आहे. धोक्याची नोंद घेऊन तो शरीराला क्षणार्धात सज्ज करतो. विचार करणारा मेंदू 'ही दोरी आहे' असा निर्वाळा देईपर्यंत याने घंटा वाजवलेली असते. काही मुले जन्मतःच बुजऱ्या स्वभावाची असतात. त्यांची ही घंटा लवकर वाजते. हा झाला प्रकृतीचा भाग. परंतु नेमकी कशाची भीती बसावी, हे बहुतांशी अनुभव ठरवतो. भय शिकण्याचे तीन मार्ग ब्रिटिश परंपरेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली मांडले.

पहिला मार्ग प्रत्यक्ष अनुभवाचा. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या एका बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि बाळाने हात लावताच मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून कर्कश आवाज केला. काही वेळा असे झाल्यावर बाळ नुसत्या उंदरालाच नव्हे, तर सशालाही भिऊ लागले. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही. पण त्यातील निष्कर्ष आपल्या म्हणीत आधीच आहे : दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

दुसरा मार्ग पाहून शिकण्याचा. १९८०च्या दशकात सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांना सापाला घाबरणारी माकडे दाखविली. पाहणारी माकडेही लवकरच सापाला भिऊ लागली. मात्र फुलाला घाबरणारे माकड चित्रफितीत दाखवले, तेव्हा फुलाची भीती बसली नाही. म्हणजे उत्क्रांतीने काही भये शिकण्यास आपल्याला आधीच अनुकूल करून ठेवले आहे. शिकवणारा मात्र जवळचा कोणीतरी असतो. पाल दिसताच टेबलावर चढणारी आई मुलाला एक शब्द न बोलता बरेच काही शिकवते.

तिसरा मार्ग ऐकून शिकण्याचा. मराठी आई असो वा माळव्यातली हिंदी बोलणारी आई, "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य दोन्ही घरांत सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. बागुलबुवा तरी अदृश्य असतो. येथे त्याच्या जागी डॉक्टरला बसवले जाते, आणि त्याच डॉक्टरकडे पुढच्या महिन्यात त्या मुलाला खरोखरच न्यायचे असते.

भय पोसले कशावर जाते?

भीती बसण्याचे कारण एक आणि टिकण्याचे कारण दुसरे असते. टिकण्याचे कारण म्हणजे टाळणे. कुत्र्याला भिणारे मूल रस्ता बदलते. बदलताच त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणे हेच त्या टाळण्याचे बक्षीस ठरते. पुढच्या वेळी ते अधिक लवकर रस्ता बदलते. कुत्रा जवळून गेला आणि काहीच झाले नाही, हा भीती पुसून टाकणारा अनुभव त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण शास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते : जो पळतो, त्याच्याच मागे तो लागतो. प्रेमळ आईवडील आणि आजीआजोबा मुलाच्या वतीने टाळण्याची सारी व्यवस्था करतात, आणि मायेपोटीच भय घरात मुक्काम करते.

सुईची भीती : आपल्या व्यवसायाची जबाबदारी

साप टाळून माणूस आयुष्य काढू शकतो. सुई टाळून मात्र त्याला आयुष्य काढता येत नाही. सुईच्या धास्तीने लस चुकते, रक्ताची तपासणी लांबते, दात किडत राहतो. टाइप एक मधुमेह झालेल्या मुलाला तर रोज अनेकदा इन्सुलिन घ्यावेच लागते. तेथे ही भीती थेट प्राणांशी गाठ घालते.

सर्वांत गंभीर प्रसंग कुत्रा चावल्याचा. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला गल्लीतील पिल्लू चावले. त्याने चार दिवस घरी सांगितले नाही. अंघोळ घालताना आईला पोटरीवरचे व्रण दिसले. का लपवलेस, असे विचारता तो म्हणाला, "पोटात चौदा इंजेक्शनं देतात." त्याने ती कधी पाहिली नव्हती, वर्गातल्या मित्राने सांगितली होती, मित्राला त्याच्या आजोबांनी. उशीर होऊनही त्याचे उपचार तत्काळ सुरू केले आणि पूर्ण केले. मूल सुखरूप राहिले. परंतु रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, हे ध्यानात घेता त्या चार दिवसांची किंमत काय होऊ शकली असती, हे डॉक्टर वाचकांना सांगावयास नको.

आजोबांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते खरेच होते. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली विकसित केलेली, मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली लस पोटावर अनेक दिवस टोचली जाई. भारतात तिचे उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये थांबले. आजची लस दंडात दिली जाते : स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल वा रक्त आलेली असल्यास तीत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते; ते दुखते, हे मुलापासून लपवू नये. चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. लस बदलून दोन दशके उलटली, पण तिची भीती अजून जुन्याच लसीची आहे. ऐकीव भयाचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

प्रतिबंध : दवाखान्यात आणि घरात

सुईचे दुखणे कमी करण्याचे साधे मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सर्व देशांना सुचवले आहेत. बाळाला लस टोचताना किंवा त्याच्या थोडे आधी अंगावर पाजावे. मुलाला आडवे दाबून न धरता आईच्या मांडीवर बसवून धरावे. एकाच वेळी अनेक लसी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी. सुई स्नायूत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहण्याची लसीकरणात गरज नाही. त्याने वेदना तेवढी वाढते. सहा वर्षांखालील मुलाचे लक्ष गाणे, खेळणे वा फुगे उडविणे यांत गुंतवावे. वारंवार सुई लागणाऱ्या मुलांसाठी त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावता येते.

घेरी येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी एक खास युक्ती आहे. स्वीडनचे लार्स-योरन अस्ट यांनी १९८०च्या दशकात ती रूढ केली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडावेत, वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळावेत. असे पाच वेळा करावे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. सुई टोचावयाचा हात मात्र सैल ठेवावा. "शरीर ढिले सोड" हा आपला नेहमीचा सल्ला येथे उलट परिणाम करू शकतो. अशा मुलास निजवून सुई द्यावी आणि नंतर पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे.

घरातील पथ्ये त्याहून सोपी आहेत. डॉक्टरचा धाक दाखवू नये. "अजिबात दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. "थोडे टोचेल, मी जवळ आहे, लगेच संपेल" हे खरे सांगावे. फसवून नेलेले मूल सुईची भीती एकदा विसरेल, फसवणूक विसरणार नाही. आणि धीराने बसल्याबद्दल त्याचे कौतुक करावे, मग ते रडले असले तरीही.

उपचार

भयगंड हा मानसिक विकारांपैकी सर्वांत चांगला बरा होणाऱ्या विकारांत मोडतो. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलास त्याचा आवडता खाऊ खात असताना ससा दुरून दाखवला आणि हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. आजच्या उपचाराचे सार यातच आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली त्यास शास्त्रीय पद्धतीचे रूप दिले.

मुलासोबत बसून भयाची एक शिडी तयार करावी. सुईसाठी : सिरिंजचे चित्र पाहणे, बिनसुईची सिरिंज हाताळणे, बाहुलीला टोचण्याचा खेळ, दुसऱ्याला लस घेताना पाहणे, दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवून घेणे, आणि अखेर सुई. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबावे. भीती ऐन भरात असताना मागे फिरू नये. एकदम वरच्या पायरीवर ढकलणे आणि पहिल्या पायरीवरून परत आणणे, दोन्ही अपायकारक. काही विशिष्ट भयगंडांत तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीतही चांगला गुण येतो, हे अस्ट यांनी १९८९ साली दाखवून दिले. विशिष्ट भयगंडात औषधांचे स्थान गौण आहे. सामाजिक भयगंड आणि ॲगोराफोबिया यांत मात्र वर्तनोपचारास औषधांची जोड उपयोगी पडते.

घरच्या प्रयत्नांना यश न आल्यास, शाळा बुडत असल्यास किंवा आवश्यक उपचार अडत असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. दृष्ट काढण्यात आणि गंडादोरा बांधण्यात गेलेले महिने म्हणजे टाळण्याचेच महिने असतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पाच, दहा आणि सोळा या वर्षी मुलांना लस द्यावयाची असते. या तिन्ही वेळा मूल जाणते असते, प्रश्न विचारते आणि उत्तर लक्षात ठेवते. त्या दोन मिनिटांत आपण त्याच्याशी खरे बोललो, त्याला बसण्याची जागा आणि टोचावयाचा दंड निवडू दिला, तर उद्या कुत्रा चावल्यावर ते मूल धावत घरी येईल आणि लगेच सांगेल. डॉक्टर बंधुभगिनींनी आणि पालकांनी एवढे अवश्य करावे, अशी विनंती आहे.